डोक्याचा मुका मार

आपल्या भाषेत ‘मुका मार’ असा एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. कातडी फाटत नाही, रक्त येत नाही, तरी आतमध्ये इजा झालेली असते, अशा माराला आपल्या वाडवडिलांनी हे नाव दिले. हातापायाच्या मुक्या मारावर लेप लावावा, शेक द्यावा आणि चार दिवसांत माणूस कामाला लागावा, हा घरोघरचा अनुभव आहे. हाच मार डोक्याला बसला म्हणजे मात्र गोष्ट वेगळी होते. वैद्यकशास्त्र त्याला ‘कन्कशन’ म्हणते. आपण त्याला मेंदूचा हादरा म्हणू. व्यापारी कुटुंबांचा दिवस पोत्यांच्या थप्प्या, गोदामाच्या शिड्या, दुकानाचे माळे आणि दुचाकीवरील धावपळ यांत जातो. म्हणून या माराची ओळख आपल्याला इतरांपेक्षा अधिक असायला हवी, असे मला वाटते. आमच्या घरी ती जशी झाली तशी येथे सांगतो.

सांगलीत आमचे हळदीचे अडत दुकान आहे. फाल्गुनात नव्या हळदीची आवक वाढते आणि सौद्यांच्या दिवसांत घरातील कोणालाच उसंत नसते. अशाच एका दुपारी माझा धाकटा भाऊ, ज्याला सारे बापू म्हणतात, नमुना पाहण्यासाठी थप्पीवर चढला होता. पोत्यावरून पाय सरकला आणि सुमारे पाच-सहा फुटांवरून तो खाली आला. डोक्याची मागची बाजू खांबावर आदळली. तो बेशुद्ध पडला नाही. लगेच उठून बसला, कपडे झटकले आणि “काही नाही, चला कामाला लागा” असे म्हणाला. डोक्यावर लहानसे टेंगूळ आले होते, एवढीच काय ती खूण.

पहिली शंका आली ती आमच्या जुन्या हमालांच्या मुकादमाला. तो माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, “अण्णा, ट्रक भरून गेला का, असं बापूंनी आत्ता तिसऱ्यांदा विचारलं. ट्रक तर त्यांच्यासमोरच गेला.” ज्याला गेल्या वर्षीच्या सौद्याचा भाव तारखेसह सांगता येतो, त्याने एकच प्रश्न तीनदा विचारावा, हे खरोखर विपरीत होते. मी बापूजवळ जाऊन बसलो. त्याचा चेहरा पांढरट झाला होता आणि प्रश्नाचे उत्तर द्यायला त्याला नेहमीपेक्षा एक-दोन क्षण अधिक लागत होते. थोड्या वेळात त्याला एकदा, आणि मिरजेच्या वाटेवर गाडीत दुसऱ्यांदा उलटी झाली.

मिरजेतील रुग्णालयात मेंदूच्या शल्यचिकित्सकांनी त्याला तपासले. डोळ्यांत विजेरीचा प्रकाश टाकून दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का ते पाहिले, हातापायांतील शक्ती पाहिली, आज वार कोणता, तुम्ही कोठे आहात, असे साधे प्रश्न विचारले. वर्षाचे महिने उलट क्रमाने म्हणायला सांगितले, तेव्हा बापू ऑगस्टपाशी अडखळला. एका पायावर उभे राहताना त्याचा तोल जात होता. शुद्धीची पातळी मोजण्यासाठी डॉक्टर ‘ग्लासगो कोमा स्केल’ ही मोजणी वापरतात. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन डॉक्टरांनी ती १९७४ साली मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तिन्हींचे गुण मिळून कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५ होतात. १३ ते १५ गुण असले तर इजा सौम्य गटात धरली जाते. बापूचे गुण १४ होते. दोनदा उलटी झाल्यामुळे डॉक्टरांनी सी. टी. स्कॅन करून घेतला. त्यात रक्तस्राव नव्हता, हाडही मोडलेले नव्हते.

आमच्या सर्वांच्या तोंडून सुटकेचा निःश्वास बाहेर पडला. फोनवर ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असे निरोप गेले. त्याच वेळी डॉक्टरांनी आम्हाला थांबवून जे समजावले, ते प्रत्येक घराने लक्षात ठेवण्याजोगे आहे. स्कॅन हा आत रक्त साचले आहे का, कवटीला तडा गेला आहे का, हे पाहण्यासाठी असतो. मेंदूचा हादरा त्या चित्रात सहसा उमटतच नाही. म्हणून स्कॅन स्वच्छ आला याचा अर्थ मोठे संकट टळले एवढाच घ्यायचा. इजा झालीच नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. बेशुद्धीविषयीही आपला असाच समज असतो. शुद्ध हरपली नाही म्हणजे मार किरकोळ, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मेंदूला हादरा बसलेल्या बहुसंख्य लोकांची शुद्ध मुळीच हरपत नाही.

आत नेमके काय घडते, असे मी विचारले. मेंदू कवटीत एका द्रवामध्ये तरंगत असतो. डोके वेगाने जाऊन एकदम थांबले की मेंदू आतल्या आत हिसडला जातो आणि त्याच्या नाजूक तंतूंवर ताण येतो. पेशींतील क्षारांचा समतोल बिघडतो आणि तो पूर्ववत करण्यासाठी पेशींना नेहमीपेक्षा अधिक ऊर्जा लागते. नेमका त्याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा मात्र मंदावलेला असतो. मी व्यापारी माणूस. माझ्या मनाने त्याचा अर्थ असा लावला की मागणी वाढली आणि आवक घटली. अशा दिवसांत शहाणा व्यापारी नवे सौदे अंगावर घेत नाही. मेंदूलाही तेच लागू पडते. त्या काळात त्याच्यावर जादा काम टाकले की तो दुखणे, घेरी, चिडचिड या भाषेत नकार देतो.

पहिल्या रात्री काय करायचे, याची चिठ्ठी डॉक्टरांनी लिहून दिली. रुग्णाजवळ जाणते माणूस सतत असावे. ‘डोक्याला लागल्यावर झोपू देऊ नये’ असे आमच्या आईने ऐकले होते. तपासणी झाल्यानंतर झोप वर्ज्य नाही, उलट ती औषधच आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. फक्त सोबतीच्या माणसाने अधूनमधून हाक मारून तो नीट जागा होतो ना, ओळखीने बोलतो ना, एवढे पाहावे. डोके दुखल्यास पॅरासिटामॉल चालेल. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पहिल्या दोन दिवसांत स्वतःच्या मनाने देऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. दारूचा स्पर्श नको आणि झोपेची गोळी नको. डोके चोळून देणे, कांदा हुंगायला लावणे हे उपचार नकोत. टेंगळावर कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरावा, एवढे पुरे.

धोक्याची लक्षणे त्यांनी स्वतंत्र सांगितली. डोकेदुखी उतरण्याऐवजी वाढत जाणे, पुन्हा पुन्हा उलट्या होणे, झटका येणे, हाक मारून जागे न होणे, बोलणे अडखळणे, हात किंवा पाय लुळा पडणे अथवा बधिर होणे, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव अथवा रक्त येणे, माणसे न ओळखणे, वागणे असंबद्ध होणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर वेळ किती झाली आहे हे न पाहता रुग्णालय गाठायचे. आपल्या राज्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. लहान मूल समजूत घालूनही रडायचे थांबत नसेल किंवा दूध, खाणे नाकारत असेल, तर तीही धोक्याची खूण समजावी.

खरी परीक्षा पुढच्या आठवड्यात झाली. पहिले दोन दिवस बापूने घरीच विश्रांती घेतली. पडदे ओढलेल्या खोलीत दिवसच्या दिवस पडून राहावे, असा सल्ला पूर्वी दिला जाई. आता तो मागे पडला आहे. आम्स्टरडॅम येथे २०२२ साली खेळांतील मेंदूच्या हादऱ्यांविषयी तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिनेही पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती आणि त्यानंतर हळूहळू हालचाल असेच सुचवले आहे. घरातल्या घरात फिरणे, अंगणात चालणे चालते. मोबाईल, टीव्ही, हिशोब, गोंगाट मात्र पहिले दोन दिवस शक्य तितके टाळायचे. त्यानंतर काम थोडे थोडे वाढवत जायचे आणि लक्षणे स्पष्टपणे वाढली की एक पायरी मागे यायचे.

पाचव्या दिवशी डॉक्टरांना विचारूनच बापू तासाभरासाठी दुकानात आला. त्या तासात त्याने एका शेतकऱ्याची पट्टी केली. आमच्या वडिलांनी, तात्यांनी, घालून दिलेला नियम असा की कोणाचीही पट्टी दुसऱ्या नजरेखालून गेल्याशिवाय शेतकऱ्याच्या हाती द्यायची नाही. ती माझ्याकडे आली. माल १२ क्विंटल ४० किलो, भाव क्विंटलला ७,५०० रुपये. रक्कम ९३,००० व्हायला हवी. बापूने ८३,००० लिहिली होती. पावकी, निमकी, दिडकी तात्यांच्या मांडीवर बसून पाठ केलेला हा मुलगा यंत्राला हात न लावता असले गुणाकार करीत आला होता. मी पट्टी त्याच्यापुढे ठेवली. त्याने पुन्हा हिशोब केला, वेगळी रक्कम आली. तिसऱ्यांदा केला, आणखी वेगळी आली. तो कपाळ धरून बसला. शेतकरी समोरच होता. पट्टी दुरुस्त करून त्याला पूर्ण रक्कम दिली आणि बापूला घरी पाठवले.

संध्याकाळी भावजयीने दबक्या आवाजात सांगितले, “अण्णा, काल पोराच्या हातून चमचा पडला, तर हे केवढ्याने ओरडले त्याच्यावर. नंतर स्वतःच रडत बसले. यांना असं कधी पाहिलं नव्हतं मी.” दिव्याचा उजेड त्याला सोसत नव्हता, स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज डोक्यात घुसत होता, रात्री झोप लागत नव्हती आणि दिवसा डोळे मिटत होते. बापू मला एकट्याला गाठून म्हणाला, “दादा, आकडे डोळ्यांसमोरून निसटून जातात. मी पुन्हा गल्ल्यावर बसू शकेन ना?” चाळीस वर्षांचा कर्ता माणूस हे विचारत होता. त्याच्या स्वरातील भीती मी विसरू शकलो नाही. इकडे भागीदारीतील नात्याच्या माणसांत कुजबुज सुरू झाली होती. ऐन सौद्यांत सुट्टी बरी सुचली, रिपोर्ट तर नॉर्मल आहे म्हणतात, असे शब्द कानांवर येत होते. चुकलेल्या पट्टीची बातमीही फिरली होती. व्यापारात माणसाची पत त्याच्या आकड्यांवर उभी असते. त्या पतीलाच धक्का लागण्याची वेळ आली होती.

तात्यांनी त्या रात्री सर्वांना माजघरात बसवले. त्यांचे वय ऐंशीच्या घरात आहे. फार बोलत नाहीत. ते म्हणाले, “हाड मोडलं असतं तर प्लास्टर सगळ्यांना दिसलं असतं आणि कोणी काही बोललं नसतं. बापूच्या डोक्याला प्लास्टर घातलंय असं समजा. एक महिना किर्द-खतावणी त्याच्याकडे नाही. त्याचा वाटा आहे तसाच राहील.” त्या एका वाक्याने कुजबुज संपली. बापूच्या मनावरचे ओझे किती उतरले, हे त्या रात्री त्याला लागलेल्या झोपेवरून कळले.

दुसऱ्या तपासणीत डॉक्टरांनी ही सारी लक्षणे एकाच मुळाची असल्याचे स्पष्ट केले. डोकेदुखी, घेरी, मळमळ, अंधुक दिसणे, उजेड आणि आवाज न सोसणे ही शरीराची लक्षणे. विसरणे, लक्ष न लागणे, विचार मंदावणे ही बुद्धीची. चिडचिड, रडू येणे, अकारण भीती ही मनाची. आणि चौथी झोपेची. एखाद्याला यांतील दोनच होतात, एखाद्याला सारी. काही लगेच दिसतात, काही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. चिडचिड करणाऱ्याचा स्वभाव बदलला किंवा आकडे चुकणाऱ्याचे मन कामात नाही, असा निष्कर्ष घरच्यांनी काढू नये. मोठ्या माणसांत ही लक्षणे बहुधा दोन आठवड्यांत ओसरतात, मुलांना चार आठवडे लागू शकतात. काहींना त्याहून अधिक काळ लागतो. महिनाभरानंतरही त्रास राहिला तर पुन्हा दाखवावे, कारण मानेचे व्यायाम, तोल सावरण्याचे व्यायाम आणि मनासाठी समुपदेशन असे उपचार उपलब्ध आहेत.

बापूच्या मुलाला बाबांना काय झाले हे कळेना. त्याला मी क्रिकेटमधील उदाहरण दिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर लागला. स्मिथ तपासणीनंतर पुन्हा फलंदाजीला आला आणि ९२ धावांवर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याला डोकेदुखी आणि सुस्ती जाणवू लागली, म्हणून त्याला सामन्यातून बाहेर काढले. त्याच्या जागी मार्नस लबुशेन आला. कसोटी क्रिकेटमध्ये मेंदूच्या हादऱ्यामुळे बदली खेळाडू येण्याची ती पहिलीच वेळ होती. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही दुसऱ्या दिवशी त्रास सुरू होऊ शकतो आणि त्याला खेळू देत नाहीत, हे कळल्यावर मुलाने बाबांच्या खोलीपाशी चेंडू आपटणे बंद केले. शाळेत जाणाऱ्या मुलांना असा मार लागला तर हा नियम ध्यानात ठेवावा: आधी शाळा आणि अभ्यास पूर्ववत होऊ द्यावा, मग खेळ, आणि तोही टप्प्याटप्प्याने. पहिला हादरा पूर्ण बरा होण्याआधी दुसरा बसणे फार घातक ठरू शकते. बापूला डॉक्टरांनी परवानगी मिळेपर्यंत दुचाकीला आणि शिडीला हात लावू दिला नाही, तोही याच कारणासाठी.

आणखी एक प्रश्न आमच्या घरात उभा राहिला. बापूचा चतुर्दशीचा उपवास असतो आणि सूर्यास्तानंतर तो पाणीही घेत नाही. डॉक्टरांना हे मोकळेपणाने सांगितले. शरीरात पाणी कमी पडले आणि पोट रिकामे राहिले की डोकेदुखी आणि घेरी वाढते, म्हणून बरे होईपर्यंत उपवास नको, असे ते म्हणाले; औषधांच्या वेळा मात्र त्यांनी दिवसा उजेडी बसवून दिल्या. तात्यांचे मत पडले की व्रत पुढे घेता येते, त्यासाठी शरीर राहिले पाहिजे. आपला नियम डॉक्टरांपासून लपवू नये, एवढे मी यातून सांगेन. सांगितला तर बहुतेक वेळा मार्ग निघतो.

घरातील वृद्धांविषयी विशेष लिहायला हवे. वयानुसार मेंदू किंचित आकसतो आणि कवटीजवळच्या शिरा ताणल्या जातात. न्हाणीघरात घसरून डोक्याला साधा मार लागला, तरी त्यातून रक्त थेंबाथेंबाने झिरपून दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा लक्षणे दिसू शकतात. तोवर पडल्याची आठवणही कोणाला राहिलेली नसते. आजोबा अलीकडे फार झोपतात, चालताना एका बाजूला झुकतात, बोलताना गोंधळतात, हे वयामुळे असेल म्हणून सोडून देऊ नये. हृदयविकारामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणारे आपल्या समाजात अनेक आहेत. त्यांच्या डोक्याला मार लागल्यास लक्षणे असोत वा नसोत, त्याच दिवशी रुग्णालयात नेऊन गोळ्यांची नावे सांगावीत.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस बापूची डोकेदुखी थांबली. त्याने प्रथम अर्धा तास, मग दोन तास आणि मग सकाळची वेळ असे करीत दुकानातले काम वाढवले. सौद्याचा गलका शेवटी ठेवला. सहाव्या आठवड्यात किर्द त्याच्याकडे परत गेली. पहिले काही दिवस तो स्वतःच प्रत्येक बेरीज मुनीमजींकडून तपासून घेत असे, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही.

त्यानंतर दुकानात आम्ही काही बदल केले. थप्पीची उंची कमी केली, वर चढताना शिडी आणि ती धरणारा माणूस सक्तीचा केला, माळ्याला कठडा बसवला. दुचाकीवर चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनीही आय. एस. आय. चिन्हाचे हेल्मेट पट्टा बांधूनच घालायचे आणि एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बदलायचे, हा नियम घरातील स्त्रियांसह सर्वांना लावला. हेल्मेटने हादरा प्रत्येक वेळी टळतोच असे नाही, पण कवटी फुटण्यापासून आणि प्राणावर बेतण्यापासून ते फार मोठे संरक्षण देते. डॉक्टरांनी दिलेली लक्षणांची चिठ्ठी मोठ्या अक्षरांत लिहून दुकानातील आणि घरातील फोनशेजारी लावली आहे. तिच्याखाली १०८ हा आकडा आहे. हमालांपैकी ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ती मुकादम स्वतः समजावून सांगतो. वाचकांनीही वर दिलेली धोक्याची लक्षणे एका कागदावर उतरवून घरात आणि पेढीवर लावावीत, अशी माझी विनंती आहे.